तळघरातून दिसणारे युद्ध



युक्रेनमधील मारियुपोल शहराच्या रशियन वेढ्यावरचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ हा माहितीपट एकतर्फी असल्याची एका पत्रलेखकाची तक्रार पटत नाही. ९ मार्च २०२२ रोजी तिथल्या प्रसूतिगृहावर हल्ला झाला, तेव्हा तो हल्ला म्हणजे रचलेले नाटक असल्याचा दावा रशियाकडून झाला. दिग्दर्शक म्स्तिस्लाव चेर्नोव्ह आणि सहकाऱ्यांनी हल्ल्यातील जखमी स्त्रियांचा दुसऱ्या रुग्णालयात शोध घेऊन त्या दाव्याला पुराव्याने उत्तर दिले. शिवाय तळघरात आसरा घेतलेल्यांच्या भीतीबरोबर दुकाने लुटणारे शहरवासीही इथे दिसतात. प्रचारपटाने ते झाकले असते. आक्रमकांची बाजू यात नाही, हे खरे. पण ती मांडायला त्यांचे सरकार समर्थ आहे. वेढ्यातल्या नागरिकांची साक्ष जगापर्यंत नेणारे शेवटचे आंतरराष्ट्रीय पत्रकार मात्र चेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारीच होते.

— एक वाचक