मॉरिशसचा किनारा कोणाचा?

पांढरी वाळू, प्रवाळभिंतीआडचा संथ निळा समुद्र आणि नवविवाहितांचे नंदनवन, एवढीच मॉरिशसची प्रतिमा पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती आपल्या मध्यमवर्गापुढे उभी करतात. त्या चित्रात तेथील माणूस सहसा नसतो. असलाच तर तबक हाती घेऊन हसतमुखाने उभा असतो. हा माणूस कोण, त्याचे पूर्वज या बेटावर कसे आले आणि ज्या किनाऱ्यावर तो पाहुण्यांची सरबराई करतो त्या किनाऱ्यावर त्याचा हक्क किती, हे प्रश्न जाहिरातीला अडचणीचे असतात. लहान द्वीपराष्ट्राच्या पर्यटनविकासाचा विचार मात्र याच प्रश्नांपासून सुरू केला पाहिजे.

मॉरिशसमधील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. गुलामांच्या मालकांना ब्रिटिश सरकारने सुमारे २१ लाख पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना कवडीही मिळाली नाही. उसाच्या मळ्यांसाठी नवे हात हवे होते, ते भारताच्या दुष्काळी व कर्जबाजारी खेड्यांतून मिळवण्यात आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्या धक्क्याला, म्हणजे आप्रवासी घाटाला, २००६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे आपले कोकणी कष्टकरीही होते. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा व गणेशोत्सव जतन केले. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. म्हणून मॉरिशसचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची जवळजवळ सर्व निर्यात साखरेची होती. त्या अवस्थेतून त्याने केलेली वाटचाल नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कापड उद्योग उभा राहिला, पर्यटन वाढले, रोजगार निर्माण झाले. परंतु या प्रगतीचे श्रेय केवळ बाजारपेठेला देणे हाही इतिहासाचा विपर्यास होय. १९३७ मधील ऊस उत्पादक व मजुरांचे उठाव, १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे झालेला गोळीबार व त्यात बळी पडलेली गर्भवती मजूर स्त्री अंजले कूपेन, १९७१ चा गोदी कामगारांचा संप, मे १९७५ चे विद्यार्थ्यांचे आंदोलन, या संघर्षांच्या मालिकेतून तेथील कामगारांचे हक्क व १९७७ पासूनचे मोफत माध्यमिक शिक्षण साकार झाले. ते कोणा हॉटेलमालकाच्या औदार्यातून आलेले नाही.

दुसरीकडे, मालमत्तेचा पाया फारसा हलला नाही. युरोपीय बाजारपेठेतील हमीभावाची व्यवस्था २००९ मध्ये संपुष्टात आली. त्याच्या आधीपासूनच साखरेच्या मोठ्या इस्टेटींचे मालक हॉटेले व बांधकाम यांकडे वळले होते. २००२ मध्ये सरकारने परदेशी धनिकांना आलिशान बंगले विकत घेण्याची योजना खुली केली, २०१५ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजना आली. काल ज्या जमिनीवर मजूर ऊस तोडत होता, तेथे आज गोल्फचे हिरवे मैदान आहे. मजुराचा नातू त्या मैदानाला पाणी घालतो. जमिनीची मालकी जेथे होती तेथेच राहिली आहे.

किनाऱ्याची कथाही याहून वेगळी नाही. भरतीरेषेपासून सुमारे ८१ मीटर रुंदीचा पट्टा मॉरिशसमध्ये फ्रेंच अमदानीपासून सार्वजनिक मालकीचा मानला गेला आहे. खाजगी हातांत जाऊ नये अशी ही जमीन. परंतु तीच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हॉटेलांना व बंगलेवाल्यांना देण्यात आली. वाळू कायद्याने सर्वांची; पण तिच्यापर्यंत जाणारी वाट कुंपणाआड गेली, तर तो हक्क कागदावरच राहतो. 'आमचे किनारे चोरणे थांबवा' अशी घोषणा देत तेथील नागरिकांनी चळवळ उभारली ती याच अनुभवातून.

परावलंबी पर्यटनाची दुसरी कसोटी २०२० मध्ये लागली. २०१८ मध्ये सुमारे १४ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक, पर्यटक आले होते. महासाथीमुळे सीमा बंद झाल्या आणि २०२० मध्ये ही संख्या तीन लाखांच्या आसपास आली. २०२१ मध्ये दोन लाखांच्याही खाली गेली. एप्रिल २०२० मध्ये एअर मॉरिशस कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. ज्या देशाला आपल्या अन्नाचा फार मोठा भाग बाहेरून विकत आणावा लागतो, त्याचे परकीय चलन असे एका फटक्यात आटले म्हणजे काय होते, हे तेथील सामान्य कुटुंबांनी अनुभवले.

त्याच वर्षी २५ जुलै रोजी एका जपानी कंपनीच्या मालकीचे 'वाकाशिओ' हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभिंतीवर आदळले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. सरकारी यंत्रणा चाचपडत असता हजारो स्त्री-पुरुष किनाऱ्यावर धावले व उसाचे पाचट कापडात शिवून त्यांनी तेल अडवणारे तरंगते बांध तयार केले. २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर विराट निदर्शने झाली. किनारा वाचवण्यासाठी जी जनता प्रथम धावते, त्या जनतेचा किनाऱ्याच्या नियोजनात शब्द चालू नये, हा या व्यवस्थेतील मूलभूत विसंवाद आहे.

पर्यटनाला शांतता लागते. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना हुसकावून लावले आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. हिंदी महासागर हे शांतिक्षेत्र असावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७१ मध्येच केला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी मॉरिशसच्या बाजूने सल्लामत दिले. २२ मे २०२५ रोजी सह्या झालेल्या करारात ब्रिटनने मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य केले, पण दिएगो गार्सियावरील तळ ९९ वर्षांसाठी राखून ठेवला. आणि नवी दिल्लीचे काय? आगालेगा बेटावर भारताच्या मदतीने बांधलेल्या धावपट्टीचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. तेथील जेमतेम काहीशे रहिवाशांच्या जीवनावर तिचा काय परिणाम होणार, हे त्यांना उघडपणे सांगण्याचे कर्तव्य दोन्ही सरकारांचे आहे. मैत्रीच्या नावाखाली लहान राष्ट्र मोठ्यांच्या स्पर्धेचे प्यादे होता कामा नये.

मग पर्यटन नको काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल; हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. प्रश्न आहे तो ते कोणाच्या हाती असावे, हा. सार्वजनिक किनाऱ्याचे नवे भाडेपट्टे थांबवावेत व जुने मुदत संपताच लोकसुनावणीशिवाय वाढवू नयेत. हॉटेल कामगारांना, त्यांत परदेशांतून आणलेल्या मजुरांनाही, संघटनेचा पूर्ण हक्क असावा. पडीक पडलेल्या उसाच्या जमिनी अन्नधान्य व भाजीपाल्यासाठी लहान शेतकऱ्यांना मिळाव्यात. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना हॉटेलांच्या खरेदीत अग्रक्रम असावा. असे झाले तर पाहुण्याने दिलेला पैसा बेटावर मुरेल. नाही तर तो आला त्याच वाटेने परत जाईल.

हे सारे दूरच्या बेटाबद्दल कशासाठी लिहावे, असे कोणी विचारील. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून मजूर मॉरिशसला गेले, त्यातूनच १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. ग्रेट निकोबारमध्ये बंदर, विमानतळ व नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवरही मोठ्या भांडवलाची दृष्टी आहे. भाडेपट्ट्याचा कागद, कुंपणाची तार आणि 'रोजगार मिळेल' हे आश्वासन सर्वत्र सारखेच असते. तेव्हा कोकणातील रापणकराने आणि निकोबारच्या आदिवासीने मॉरिशसचा अनुभव आजच समजून घेतला पाहिजे. कुंपण एकदा पडले की ते काढायला पिढ्या लागतात. ते पडण्यापूर्वी गावसभेत उभे राहून प्रश्न विचारणे, ही आजची निकड आहे.