सर्किटमधला आकडा, दुकानातला रेझिस्टन्स

गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचे सर्किट कागदावर उतरवून बाजारात गेलेला हौशी माणूस पहिल्यांदा अडतो तो ५१ किलोओहमच्या रेझिस्टन्सपाशी. दुकानदार ४७ काढून दाखवतो, ५६ दाखवतो. ५१ त्याच्या डब्यात नसतो. ५०० किलोओहमचा पॉट मागावा तर ४७० चा मिळतो, २० च्या जागी २२ चा. मग बरेच जण यादी खिशात घालून घरी परततात, परदेशातून सुट्या भागांचे पार्सल मागवतात आणि ते येईपर्यंत सोल्डरिंगची हत्यारे गुंडाळून ठेवतात. एवढे थांबण्याचे काहीच कारण नाही, आणि ते का नाही हे आकडे मांडूनच सांगता येते.

पुष्कळ हौशी मंडळी ज्या सर्किटपासून सुरुवात करतात ते आयबनेझच्या ट्यूब स्क्रीमरचे आहे. १९७९ च्या सुमारास आलेले टीएस-८०८ हे पेडल मॅक्सॉन या नावाने माल काढणाऱ्या जपानी कंपनीने तयार केले. आराखडा सुसुमू तामुरा यांचा. त्याआधीची परंपरा लांबलचक आहे. १९६१ साली गाजलेल्या नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात कन्सोलचा बिघडलेला चॅनल बास गिटारचा आवाज फाडून गेला, तो आवाज लोकांना आवडला, आणि पुढच्याच वर्षी माएस्ट्रोचे फझ पेडल बाजारात आले. १९७७ मध्ये बॉसने ओडी-१ काढले. पण सगळ्यात जास्त वेळा उघडून, मोजून, परत बांधून पाहिले गेले ते टीएस-८०८. त्याचे भाग थोडे आहेत आणि प्रत्येक भाग काय करतो हे सांगता येते.

त्याचे हृदय म्हणजे एका आयसीतला अर्धा भाग, म्हणजेच एक ऑपॅम्प. ऑपॅम्पच्या फीडबॅकच्या वाटेवर सिलिकॉनचे दोन डायोड उलटसुलट बसवलेले असतात. त्यांच्यावरचा दाब साधारण ०.६ व्होल्टाच्या पुढे गेला की ते वाहू लागतात आणि लहरीचा माथा तिथेच चेपला जातो. गंमत पुढे आहे. ऑपॅम्प इथे नॉन-इन्व्हर्टिंग पद्धतीने जोडलेला असल्याने गिटारचा मूळ सिग्नल या चेपलेल्या लहरीत जसाच्या तसा मिळवला जातो. तार छेडल्याचा पहिला टणत्कार ट्यूब स्क्रीमरमध्ये हरवत नाही, तो यामुळे. डायोडची जोडी फीडबॅकमधून काढून थेट जमिनीकडे जोडली, तर तोच ऑपॅम्प जास्त खरबरीत आणि वेगळ्याच स्वभावाचा आवाज देतो.

आता तो ५१ किलोओहम. मूळ सर्किटमध्ये ड्राइव्हचा ५०० किलोओहमचा पॉट आणि हा ५१ चा रेझिस्टन्स एकापाठोपाठ आहेत. समोर जमिनीकडे ४.७ किलोओहम. पॉट पूर्ण फिरवला की गेन सुमारे ११८ पट. त्याऐवजी दुकानात मिळणारे ४७० आणि ४७ घातले तर १११ पट. हा फरक डेसिबलमध्ये मोजला तर अर्ध्या डेसिबलच्या आसपास भरतो. बाजारातल्या साध्या पॉटची स्वतःची चूकच २० टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे मूळ पेडलच्या दोन नगांमध्येही याहून मोठा फरक पडलेला असणार. ज्या ५१ साठी महिनाभर खोळंबायचे, तो कानाला कळतच नाही.

कळतो तो दुसराच भाग. ४.७ किलोओहमच्या पायाशी ०.०४७ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर असतो, अंगावर ४७३ छापलेला. या दोघांच्या गुणाकारातून ७२० हर्ट्झची सीमा ठरते. तिच्या खालच्या सुरांना गेन उतरत्या मापाने मिळतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक तार ३३० हर्ट्झ. तेव्हा खर्जाचे सूर तुलनेने कोरे निघून जातात आणि त्यांच्या वरच्या स्वरांशांवर ओव्हरड्राइव्हची धार चढते. याच जागी १०४ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला, तर सीमा ३४० हर्ट्झच्या जवळ येते आणि आवाज भरदार, थोडा चिखलासारखा होतो. चिमटीत मावणारा एवढासा भाग, पण पेडलचा स्वभाव त्याच्या हातात आहे. हौशी बांधणाऱ्याने आपला वेळ इथे घालवावा: आयसीला लावतात तसे सॉकेट या कंडेन्सरच्या जागीही लावावे आणि चार-पाच वेगवेगळे कंडेन्सर खोचून ऐकावे.

चंडीगडचा विषय निघतो तो बांधून आणि ऐकून पाहण्याच्या या कामामुळे. आपल्या देशात हे काम सुखाने व्हावे अशी एखादी जागा शोधायची तर ती चंडीगड-मोहालीच्या जोडशहरात सापडते. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आणि डायोड १९६४ पासून बनवणाऱ्या काँटिनेंटल डिव्हाइस इंडिया, म्हणजे सीडीआयएल, या कंपनीचा एक कारखाना मोहालीत आहे. तिथून जवळच सेमीकंडक्टर लॅबोरेटरी. आधी तिचे नाव सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स होते. १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू झाले आणि ७ फेब्रुवारी १९८९ च्या आगीने ते उद्ध्वस्त केले. त्या आगीबद्दल आणि आता मोहालीत येऊ घातलेल्या गुंतवणुकीबद्दल वर्तमानपत्रे भरभरून लिहितात. एक-दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरबद्दल कोणी लिहीत नाही, आणि आपल्या टेबलावर रोज येतो तो तोच.

चंडीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन होऊन ती १९६२ मध्ये इथे आली, आणि तिच्याच आवारात १९६३ मध्ये स्विस मदतीने इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झाले. उपकरणे बनवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस घडवणे हाच त्याचा हेतू. मापे पाळणारा हात ही चैन नव्हे, ते शिकवता येणारे कौशल्य आहे, असे मानणारी संस्था शहरात साठ वर्षांहून अधिक काळ आहे.

आणि तिसरी गोष्ट गाण्यांची. पंजाबी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे मोठे केंद्र आज चंडीगड आणि मोहाली हेच आहे. इलेक्ट्रिक गिटार पंजाबी माणसाला नवी नाही: अमृतसरचे भूपिंदर सिंग गायक म्हणून घराघरांत पोहोचले, पण १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली गिटारही त्यांचीच. ट्रान्झिस्टर बनवणारे, उपकरणे बांधायला शिकवणारे आणि गिटार वाजवून पोट भरणारे असे तिघे एका शहराच्या अंतरात राहतात, तरी त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडताना दिसते. ती पडावी यासाठी ओव्हरड्राइव्ह पेडलइतके सोयीचे काम दुसरे नाही. ९ व्होल्टाचे, धक्का न देणारे, एका बोर्डावर मावणारे, आणि झाले की ताबडतोब कोणीतरी वाजवून बरे-वाईट सांगणारे. तंत्रनिकेतनांच्या प्रात्यक्षिकात ते घालायला हवे, चंडीगडमध्ये तर नक्कीच.

तुंबीचाही विचार व्हावा. पंजाबात तुंबी, आपल्याकडे तुणतुणे. दोन्ही एकतारी आणि चढ्या आवाजाची. अशा वाद्याला पिझोची चकती चिकटवून ती या सर्किटला दिली, ड्राइव्ह खालीच ठेवला, तर खर्ज कापणारी ७२० हर्ट्झची सीमा आयतीच उपयोगी पडेल. कोणी करून पाहिले तर या मासिकाला ऐकायला आवडेल.

मुंबईत हे वेड धंद्यापर्यंत गेले आहे. ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही मुंबईची छोटी कंपनी. तिचे बॅरन सामेडी हे फझ पेडल परदेशातले वादकही वापरतात. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची बुधवार पेठ, सुटे भाग आपल्याकडे कमी पडत नाहीत.

जपानी सर्किट आपल्या भागांवर उतरवताना एका ठिकाणी मात्र खरी फसगत होते. टीएस-८०८ च्या तोंडाशी २एससी१८१५ हा ट्रान्झिस्टर आहे. त्याच्या जागी बीसी ५४७ किंवा कमी खरखर करणारा बीसी ५४९ बिनदिक्कत चालतो, फक्त पाय वेगळे आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर जपानी ट्रान्झिस्टरवर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम येतो. बीसी ५४७ वर कलेक्टर, बेस, एमिटर. तयार पीसीबीवर तो तसाच खुपसला की पेडल मुके राहते आणि दोष बिचाऱ्या देशी ट्रान्झिस्टरला लागतो.

जर्मेनियमचा मोहही काहींना सुटत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवले, जुन्या रेडिओंत ते अजून सापडतात आणि फझमध्ये त्यांचा आवाज गोड लागतो, हे खरे. पण जर्मेनियममधली गळती दर १० अंशांना जवळपास दुप्पट होते. चंडीगडला जानेवारीच्या सकाळी पारा एक आकडी असतो आणि जूनच्या दुपारी ४० च्या वर. तीस अंशांच्या फरकात गळती आठपट. हिवाळ्यात जमवलेले बायस उन्हाळ्यात कोलमडते. नव्याने शिकणाऱ्याने सिलिकॉनवरच हात बसवावा.

वीज देताना एक सावधगिरी अटळ आहे. गिटार पेडलच्या जगात ९ व्होल्टाच्या जॅकचे मधले टोक निगेटिव्ह धरण्याची रीत आहे, आणि आपल्याकडे राउटरबरोबर येणारे बहुतेक ॲडॉप्टर मध्ये पॉझिटिव्ह असतात. उलटा लागला की आयसी गेला. येणाऱ्या पॉझिटिव्ह तारेत १एन५८१७ हा डायोड ओळीत टाकला तर व्होल्टाचा लहानसा अंश खर्ची पडतो आणि पेडल वाचते. ॲडॉप्टरमधून गुणगुण येत असेल तर आधी बॅटरीवर वाजवून पाहावे. ती थांबली तर दोष सर्किटचा नाही.

आता एका जुन्या तक्रारीकडे. वाचक सर्किट पाठवतात, फोटो पाठवतात, ‘चालते’ असे लिहितात, आणि मोजमाप एकही नसते. ज्याच्याकडे चालत नाही त्याला अशा पत्राचा काय उपयोग? ट्यूब स्क्रीमरच्या जातीच्या पेडलमध्ये दोन सारख्या रेझिस्टन्सनी ९ व्होल्टाचे अर्धे केलेले असतात, आणि गिटार न वाजवता मोजले तर आयसीच्या १, २, ३, ५, ६ आणि ७ या सर्व पायांवर साधारण ४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ८ वर पूर्ण दाब, ४ वर शून्य. १ आणि ७ यांपैकी एखादा पाय ९ ला किंवा शून्याला चिकटलेला दिसला, तर त्याच अर्ध्या भागात कुठेतरी डाख कच्चा आहे किंवा दोन पट्ट्या जोडल्या गेल्या आहेत.

पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर मात्र काट्याचा जुना मीटर फसवतो. तिथे बायस ५१० किलोओहममधून येतो. दर व्होल्टाला २० किलोओहमचा मीटर १० व्होल्टांच्या रेंजवर लावला की तो स्वतःच २०० किलोओहमचा भार होतो, आणि जेमतेम सव्वा व्होल्ट दाखवतो. सर्किट ठणठणीत असते. वाचणारा मात्र चांगला ट्रान्झिस्टर उपटून फेकतो. डिजिटल मीटरवर तोच आकडा ४.५ च्या थोडा खाली येतो, कारण बेसमध्ये जाणारा बारीकसा प्रवाहही त्या ५१० किलोओहममधूनच वाहतो.

तेव्हा यापुढे ओव्हरड्राइव्हचे सर्किट पाठवणाऱ्यांनी एवढे करावे: आयसीच्या आठही पायांवरचे व्होल्टेज, कोणत्या मीटरने घेतले ते, बॅटरीतून किती मिलिॲम्पिअर ओढले जातात, आणि मूळ सर्किटमधला कोणता भाग न मिळाल्याने त्याजागी काय घातले. चौथी गोष्ट सर्वांत आधी छापली जाईल.