ओशट पाण्याचे खवय्ये

दोस्तांनो, दिवाळीचं तळण आटोपलं, की कढई मोरीत येते. पाणी घातलं, की वर तेलाचा तवंग! "ते तेल मोरीत ओतू नकोस, तुंबेल," असं आई ओरडते ना? ती बरोबरच सांगते. गार झालेलं तेल-तूप नळीच्या आत थापून बसतं. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात तेल-चरबीचा असाच एक अडसर सापडला. लांबी २५० मीटर, वजन १३० टन!

आता दूधडेअरी आठवा. तिथे रोज टाक्या, कॅन, फरशा धुतात. ते पांढुरकं, ओशट पाणी थेट नदीत सोडलं, तर त्यातलं अन्न खाताना जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. म्हणून हे पाणी आधी स्वच्छ करावं लागतं. त्याची एक रीत म्हणजे ते बंद टाकीत सोडायचं. आत हवा नाही, पण खवय्ये हजर!

इथे तीन पंगती बसतात, बरं का. पहिल्या पंगतीतले जीवाणू लायपेज नावाचं विकर सोडतात. विकर म्हणजे पदार्थाचे तुकडे करणारी जणू कात्रीच. स्निग्ध पदार्थाचे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं असे भाग होतात. दुसऱ्या पंगतीतले मेदाम्लांच्या लांब साखळ्या तोडतात. त्यातून निघतं अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट, आणि हायड्रोजन.

पण गंमत पुढेच आहे. हायड्रोजन साठत गेला, तर दुसरी पंगत जेवायचीच थांबते! मग शेजारची तिसरी पंगत तो हायड्रोजन गट्ट करते आणि मिथेन सोडते. अ‍ॅसेटिक आम्लापासूनही मिथेन होतो. हे मिथेनकर्ते दिसायला जीवाणूंसारखे, पण त्यांचं घराणं वेगळं, आर्किया. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ते ओळखलं. म्हणजे इथे एकट्याचं काही चालत नाही. शेजारी जेवला, तरच आपण जेवणार!

मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. हिशेबाने १ किलो स्निग्ध पदार्थापासून सुमारे १००० लिटर मिथेन मिळू शकतो, तर पिठूळ पदार्थापासून जेमतेम ४००. मग टाकीत भराभर तूपच ओतावं का? छे! जास्त झालं, की मेदाम्लं जीवांच्या अंगाला चिकटतात, गाळ वर तरंगतो आणि गॅस बंद पडतो. टाकीला अपचनच होतं म्हणा ना! म्हणून ओशट पाणी बेताबेतानेच द्यायचं.

आणि गॅस निसटूही द्यायचा नाही. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. पकडून जाळला, तर मात्र चूल पेटते, यंत्रं चालतात.

हा प्रयोग घरी बंद बाटलीत मुळीच करू नका, गॅसने बाटली फुटू शकते. त्याऐवजी गार झालेली कढई धुण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्या. मोरीला आणि नदीला तेवढीच मदत!

जाता जाता एक प्रश्न: लायपेज आपल्याही पोटात असतं. ते मुख्यतः कोणत्या अवयवातून येतं? आईबाबांना विचारा, पुस्तकात शोधा. उत्तर पुढच्या आठवड्यात!