जेटचा नंबर आणि आबांची बुलेट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डिसेंबरात यावलला जाऊन आलो आणि डोक्यात एक विषय घोळतोय. पुण्या-मुंबईच्या मंडळींना जरा ग्रीसचा वास येईल, पण सांभाळून घ्या.

तर झालं असं. आबांची जुनी बुलेट ३५० सध्या भाच्याकडे आहे. मे महिन्यात सुट्टीला आला तेव्हा त्याने तिला इंदोरी सायलेन्सर बसवला. आवाज असा, की गल्लीतली कुत्री आधी पळतात आणि मग भुंकतात! दुकानदाराने सांगितलं, "जेटबिट काही बदलायची गरज नाही, भो." आणि खरंच, मे-जूनमध्ये गाडीने काही कुरकुर केली नाही.

डिसेंबरात मळ्यात भरीत पार्टी होती. पहाटे फैजपूर रस्त्याने निघालो, केळीच्या बागांवर धुकं, हात गारठलेले. अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् फटाके. चौथ्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिनातून बारीक खणखण. मळ्यात पोचल्यावर प्लग काढून पाहिला, तर पांढराफटक. आबा काहीच बोलले नाहीत. नुसते इंजिनाजवळ हात नेऊन बसले. ते मला जास्त लागलं.

कारण साधं आहे. मोकळ्या सायलेन्सरमधून जळालेला वायू लवकर बाहेर पडतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त शिरते. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र तेवढंच. म्हणजे हवा वाढली, पण पेट्रोल त्या मानाने वाढलं नाही. असं मिश्रण जास्त तापतं, आणि हे फार दिवस चाललं तर पिस्टन धरतो.

मग मे महिन्यात का नाही कळलं? कारण आपलं खान्देशचं ऊन! ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी जास्तच विरळ असते. उन्हाळ्यात हवेतला प्राणवायू आपोआप कमी, म्हणून कमी पडणारं पेट्रोल झाकलं गेलं. थंडीने ते उघडं पाडलं. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे जेट ठरवायचा तो पौष-माघातल्या सकाळी, वैशाखाच्या दुपारी नव्हे.

त्यात दुसरी भर इथेनॉलची. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं. इथेनॉलच्या अंगात स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढीच हवा जाळायला हे पेट्रोल जास्त लागतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हे काही अंशी स्वतः सांभाळून घेतात. जुन्या कार्बोरेटरला ते कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी जेटला हातच लावला नाही. सायलेन्सरच्या पाइपचा जोड तपासला, कारण तिथून हवा आत ओढली गेली तरी फटाके वाजतात. जोड पक्का होता. मग त्यांची पद्धत पाहिली. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवली, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केलं आणि प्लग काढून रंग पाहिला. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, भरताच्या वांग्यासारखा काळा म्हणजे जास्त, बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे बरोबर.

मेन जेट एक नंबरने वाढवला, तरी प्लग फिकाच. दोनने वाढवला, बिस्किटी! भाचा म्हणाला, "अजून एक टाकू, ताकद वाढेल." टाकला. गाडी अडखळायला लागली, प्लगवर काजळी. परत दोनवर आलो. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलचं काम मेन जेटचं, मधलं सुईचं, आणि सुरुवातीचं पायलट जेटचं. म्हणून मग सुईची क्लिप एक खाच खाली घेतली (म्हणजे सुई वर उचलली जाते), आणि शेवटी हवेचा स्क्रू फिरवून आयडलिंग जुळवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि जेटचे नंबर एका कंपनीचे दुसरीशी जुळतातच असं नाही, तेव्हा नेटवरून कुणाचा तरी नंबर उचलून बसवू नका.

आता माझं खरं मत. सायलेन्सर बदलायचाच असेल तर जेटचा खर्च आणि एक अख्खी सकाळ त्याच्या किमतीत धरा. ते जमत नसेल तर सायलेन्सरच बदलू नका. आवाज म्हणजे ताकद नव्हे. शिवाय कायद्यालाही हा आवाज मान्य नाही. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.

पण खरं कारण वेगळंच आहे. लहानपणी आबांची बुलेट वळणावर असतानाच आई चहा टाकायची, त्या आवाजावरून. भाचा ती गाडी घेऊन आला तेव्हा आई खिडकीशी गेली आणि "कोण आलं रे?" म्हणाली.

गाडी आता सुरेख चालते. तरी निघताना भाच्याला म्हटलं, जुना सायलेन्सर माळ्यावर ठेवलाय. तो बसवशील तेव्हा जेट आणि क्लिपही परत जागेवर आण, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन प्लग काळा पडेल. मिस्त्रींनी काढलेला जुना जेट मी काडेपेटीत घालून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलाय, नंबर वर लिहून. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

असो. ताई, हे वाचलंस तर लेकाला ओरडू नकोस. मी बोललोय त्याच्याशी.