फुकटच्या सल्ल्याचे मोल

आष्टी (जि. जालना) : श्रावणातील झड आठवडाभर लागून राहिली की मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पाणी साचते आणि सोयाबीनची पाने पिवळी पडू लागतात. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला प्रश्न एकच पडतो : हे काय आहे आणि यावर काय फवारावे? उत्तरे मात्र निदान तीन असू शकतात. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. ती बहुधा चुनखडीच्या किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत दिसते आणि वाफसा आल्यावर पुष्कळदा आपोआप सुधारते. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे पाहावे लागते. पानांवर हिरवे-पिवळे अनियमित चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक, म्हणजे पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू. पहिल्या प्रकारात थोडे थांबणे शहाणपणाचे, तर तिसऱ्यात रोगट झाड उपटण्यास उशीर करणे घातक. निदान चुकले तर त्याची किंमत एका फवारणीपासून हातच्या हंगामापर्यंत कितीही असू शकते.

परतूर तालुक्यातील आष्टी हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा परिसर. बीड आणि वर्धा जिल्ह्यांतील आष्टीची नावे इतिहासात व राजकारणात अधिक ऐकू येतात. जालन्यातील आष्टी मात्र आपल्या हंगामाच्या काळजीत असते. येथील शेतकऱ्याने पिवळ्या पानाचे निदान कोणाला विचारावे? कृषी सेवा केंद्राचा दुकानदार जवळ आहे. पण जो औषध सुचवतो तोच ते विकतो. कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि जालन्याजवळील खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र येथे तज्ज्ञ आहेत. पण पीक उद्यापर्यंत थांबायला तयार नसते. अशा वेळी शेतकरी वळतो तो गावातील किंवा शेजारगावातील एखाद्या जाणत्या माणसाकडे. तो शेतात येऊन पाहतो, किंवा हल्ली मोबाइलवर पाठवलेले पानाचे छायाचित्र पाहून दोन प्रश्न विचारतो : ‘नवी पाने पिवळी की जुनी? सगळ्या रानात आहे की चट्ट्याचट्ट्याने?’ आणि मग सांगतो, ‘भाऊ, फवारू नका, वाफसा येऊ द्या.’ यासाठी तो एक पैसाही घेत नाही.

का घेत नाही? आणि ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही अशा परक्या माणसासाठी तो आपला वेळ का देतो? प्रश्न साधा वाटतो. पण ग्रामीण महाराष्ट्राची शेती आज ज्या ज्ञानावर चालते, त्याचा मोठा भाग याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

आकडे काय सांगतात?

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी संस्थेने २००३ मध्ये, ५९ व्या फेरीत, देशातील शेतकरी कुटुंबांना आधुनिक शेतीतंत्राची माहिती कोठून मिळते हे विचारले. केवळ ४०.४ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या स्रोताचा लाभ घेतल्याचे सांगितले. त्यातही सर्वांत वरचा स्रोत होता इतर प्रगतिशील शेतकरी : १६.७ टक्के. बियाणे-खतांचे विक्रेते १३.१ टक्के आणि रेडिओ १३ टक्के. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा ५.७ टक्के, तर कृषी विज्ञान केंद्रांचा एक टक्क्याहूनही कमी होता. म्हणजे ज्याला पगार नाही, ज्याच्यावर जबाबदारी नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही योजनेत नाही, तो माणूस सरकारी यंत्रणेच्या जवळपास तिप्पट कुटुंबांपर्यंत पोहोचला होता.

त्यानंतर परिस्थिती बदलली. २१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि छायाचित्र पाठवणे हा खेड्यातील नित्याचा व्यवहार झाला. जाणत्या शेतकऱ्याच्या बांधाची मर्यादा त्यामुळे संपली. पूर्वी त्याला शिवारातील चार जण विचारत. आता परजिल्ह्यातील अनोळखी माणूसही विचारतो. साधन बदलले, पण उत्तर देणाऱ्याला मोबदला नाही ही स्थिती तशीच राहिली.

गंमत अशी की, जालना हा ज्ञान विकून मोठा झालेला जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे म्हणजे पाकिटात भरलेले ज्ञान, आणि त्याला रास्त किंमत असते. त्याच जिल्ह्यात ते बियाणे कधी पेरावे, किती अंतरावर लावावे आणि पिवळे पडल्यावर काय करावे हे ज्ञान मात्र बांधावर फुकट वाटले जाते.

सावड आणि इर्जिक

या फुकट देण्याची मुळे जुनी आहेत. मराठवाड्यात सावड आणि इर्जिक या दोन्ही प्रथा जुन्या पिढीला चांगल्या ठाऊक आहेत. सावडीत दोन शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात. तेथे हिशेब असतो, आज तुझे तर उद्या माझे. इर्जिकीत असा हिशेब नसतो. एखाद्याची नांगरट खोळंबली की गावकरी आपापली औते-बैल घेऊन जात, एका दिवसात काम उरकत आणि मोबदला म्हणून फक्त जेवण घेत.

जाणत्याचा सल्ला वरकरणी इर्जिकीसारखा दिसतो. बारकाईने पाहिले तर त्यात सावडही आहे. फक्त ती एका माणसाशी नसून साऱ्या शिवाराशी असते. आज ज्याला सांगितले तो परत काही देणार नाही, पण उद्या आपल्यालाही कोणाला तरी विचारावे लागेल, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. शिवाय जाणता माणूस जन्मतः जाणता नसतो. त्यालाही कोणीतरी एके काळी कलम बांधायला, ठिबकच्या नळ्या धुवायला, औषधाची मात्रा मोजायला शिकवलेले असते. शिकवणाऱ्याचे ऋण शिकवणाऱ्याला फेडता येत नाही. ते पुढच्याला द्यावे लागते. आपल्याला येते ते इतरांना सांगावे, ही समर्थ रामदासांची शिकवण मराठी मनाला परिचित आहे आणि त्यांचे जन्मगाव जांब शेजारच्या घनसावंगी तालुक्यातच आहे.

कीड बांध ओळखत नाही

तथापि केवळ परोपकाराने हे सारे चालते असे मानणे भोळेपणाचे ठरेल. सल्ला देण्यात स्वार्थही आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा आणि विदर्भातील कपाशीचे प्रचंड नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्यावरील खात्रीचा उपाय सामूहिक आहे : डोमकळ्या वेळीच वेचून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे, डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवणे, फरदड न घेणे आणि पऱ्हाटी शेतात न ठेवणे. एकाने हे सारे केले आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर पहिल्याचे कष्ट वाया जातात. शेजाऱ्याचे अज्ञान येथे आपलेच नुकसान असते. अशा वेळी शेजाऱ्याला शिकवणे हा आपल्या पिकाचा विमाच होय.

मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिका खंडातील ही कीड २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा भागात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात तिची नोंद झाली. नवी कीड ओळखण्याचे काम प्रयोगशाळेत पूर्ण होते. सुरुवात मात्र पोंग्यातील वेगळी विष्ठा पाहून ‘हे नेहमीचे नाही’ असे म्हणणाऱ्या डोळ्यांपासून होते. ज्याच्याकडे दहा गावांतून प्रश्न येतात, त्याला दहा गावांतील कीड आपल्या शेतात येण्याआधी दिसते.

उत्तर देणाऱ्याचा हाच सर्वांत मोठा लाभ आहे, असे अन्य क्षेत्रांतील अभ्यासही सांगतात. संगणक क्षेत्रात अपाचे हे सॉफ्टवेअर वापरणारे तंत्रज्ञ एकमेकांच्या अडचणी विनामूल्य सोडवत असत. करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल या अभ्यासकांनी २००३ मध्ये त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मदत करणाऱ्यांचा बहुतेक वेळ इतरांचे प्रश्न आणि उत्तरे वाचण्यात जात होता, आणि तो ते स्वतः शिकण्यासाठी खर्च करत होते. प्रत्यक्ष उत्तर द्यायला त्यांना अवघी काही मिनिटे लागत. म्हणजे शिकण्याचे काम ते स्वतःसाठी करत होते आणि मदत त्यातून जवळजवळ सहज घडत होती. आष्टीच्या बांधावरील माणूस आणि परदेशातील संगणकतज्ज्ञ यांच्यात याबाबतीत फारसा फरक नाही.

तिसरे कारण मानाचे. गावात ज्याच्याकडे लोक विचारायला येतात, त्याच्या शब्दाला ग्रामसभेत आणि सोसायटीच्या बैठकीतही वजन येते. आणि चौथे कारण सर्वांत साधे : अडलेले कोडे सुटल्याचा आनंद. उत्तर बरोबर निघाले आणि पंधरा दिवसांनी हिरव्या पिकाचे छायाचित्र आले, तर त्याचे समाधान पैशात मोजता येत नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू

येथपर्यंतचे चित्र आश्वासक आहे. परंतु या व्यवहाराला तीन गंभीर मर्यादा आहेत.

पहिली उत्तरदायित्वाची. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्यामागील कारणे अनेक होती. पण दोन-तीन औषधे एकत्र करून, संरक्षक साधनांविना फवारण्याची रीत हे त्यांतील एक होते. ‘अमुक औषधात तमुक मिसळा’ हे वाक्य एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी फार लवकर जाते. सल्ला चुकला तर सल्लागाराचा केवळ मान जातो. फवारणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

दुसरी मर्यादा प्रामाणिकपणाची. फुकट सल्ल्यावर लोकांचा विश्वास असतो तो देणाऱ्याचा त्यात फायदा नसतो म्हणून. हे विक्रेत्यांनाही कळते. त्यामुळे अनुभवी शेतकऱ्याच्या वेशात एखाद्या कंपनीचे टॉनिक सुचवले जाऊ लागले, की खरा जाणता आणि प्रचारक यांतील भेद विचारणाऱ्याला करता येत नाही.

तिसरी मर्यादा देणाऱ्याच्या थकव्याची आणि उपेक्षेची. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात भाताच्या वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हे वाण विकसित केले. बियाणे त्यांनी मुक्तपणे दिले. ते राज्याबाहेरही पसरले. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्याच वाणापासून ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केले. खोब्रागडे यांना २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. पण वाणाच्या प्रसारातून आर्थिक लाभ त्यांच्या पदरी जवळजवळ पडला नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अखेरच्या आजारपणातील त्यांची ओढाताण साऱ्या राज्याने पाहिली होती. मुक्तहस्ते देणाऱ्याला समाज सहज गृहीत धरतो, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

पैसे द्यावेत काय?

मग अशा सल्लागारांना मानधन द्यावे काय? उपाय सोपा वाटतो, पण त्यात धोका आहे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश विचारवंताने १९७० मध्ये ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील मोबदला देऊन होणारे रक्तसंकलन यांची तुलना केली. पैसा आला की देण्याची वृत्ती आटते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावर पुढे बरेच वाद झाले. तरी त्यातील इशारा शेतीच्या सल्ल्यालाही लागू पडतो. प्रति सल्ला दर ठरला, तर सर्वांत चांगला सल्ला, म्हणजे ‘काही करू नका, थांबा’, हाच आधी नाहीसा होईल.

अधिक उपयुक्त मार्ग जालना जिल्ह्यानेच दाखवला आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याला चर्चासत्र भरते. त्यात शास्त्रज्ञ आणि शेतकरी समोरासमोर बसतात आणि शेतात पुढे काय करायचे याची चर्चा होते. जाणत्या शेतकऱ्याला येथे आपला अंदाज तपासून घेता येतो, चुकला असेल तर दुरुस्त करता येतो, आणि नवे काही कळले तर ते गावात नेता येते. त्याला मानधनाहून अधिक गरज आहे ती अशा पाठबळाची : अडल्यावर फोन उचलणारा शास्त्रज्ञ, जवळची माती-पान तपासणीची प्रयोगशाळा आणि औषधाच्या मात्रेबाबत शंका असेल तेव्हा अधिकृत शिफारस चटकन मिळण्याची सोय.

शहरी वाचकाला हा सारा व्यवहार दूरचा वाटू नये. नात्यातील डॉक्टरला रात्री अहवाल दाखवणारे, सोसायटीतील निवृत्त बँक अधिकाऱ्याकडून प्राप्तिकराचा अर्ज भरून घेणारे आणि शेजारच्या मुलाला संगणक दुरुस्त करायला बोलावणारे शहरातही घरोघरी आहेत. त्या माणसांचे हेतूही तेच असतात : ऋण, शिकण्याची ओढ, मान आणि कोडे सुटल्याचा आनंद. फरक इतकाच की शहरात फुकट सल्ल्याला पैसे मोजून मिळणारा पर्याय असतो. आष्टीत बहुधा नसतो.

म्हणूनच जाणत्या शेतकऱ्याच्या औदार्याचे कौतुक करताना एक प्रश्न सरकारी यंत्रणेला विचारायला हवा. तो स्वेच्छेने देतो ते ज्ञान यंत्रणेच्या जोडीला आहे, की यंत्रणेच्या ऐवजी? इर्जिक गावाची शोभा होती, कारण ती अडलेल्याच्या एका दिवसाच्या निकडीसाठी असे. साऱ्या शिवाराची कायमची नांगरट कोणी इर्जिकीवर सोडत नसे.