पांढरीच्या मातीतील हस्तिदंत

एकोणिसाव्या शतकात मुंबई व सुरत येथे घडविल्या जाणाऱ्या हस्तिदंती जडावाच्या पेट्यांना विलायतेत मोठी मागणी असे. तथापि पाश्चात्त्यांनी आपल्या कारागिरांचे हस्तिदंत काम हौसेने नेण्याचा प्रकार इंग्रजांपासून सुरू झाला, असे मानणे चुकीचे ठरेल. त्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा बीडच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आहे.

इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरीत 1938 साली वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या डोक्यात छिद्र आहे. त्यावरून ती लहानशा मेजाचा पाय अथवा आरशाची मूठ असावी, असे अभ्यासक म्हणतात. तिच्याशी साम्य असलेल्या प्रतिमा तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर, म्हणजेच तेर, येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरहून पैठणची सरळ वाट धरली, तर ती आजच्या बीड जिल्ह्यातूनच जाते.

हस्तिदंताचा व्यापार पुन्हा सुरू व्हावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. 1986 व 1991 च्या कायदादुरुस्त्यांनी तो बंद झाला, हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो उरलेल्या खुणांचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या वस्तू आस्थेने जमविल्या, म्हणून आज तेथे वस्तुसंग्रहालय उभे आहे. गावोगावच्या जुन्या पांढरी मात्र उकरल्या जातात, त्यांची माती शेतांत पसरली जाते आणि तिच्याबरोबर खापरे, मणी व नाणीही नाहीशी होतात. पाँपेईची मूर्ती राखेने राखली; आपल्या मातीतील ठेवा आपल्याच फावड्याखाली जावा, यासारखे दुर्दैव नाही.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी शाळेची एक सहल तेरला न्यावी. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या पांढरीची नोंद करावी. काही सापडल्यास ते घरी न ठेवता तहसील कार्यालयास कळवावे. परदेशी संग्रहालयाने कौतुक केल्यावरच आपल्या कारागिराची थोरवी आपणांस कळावी, हे भूषणावह नव्हे.