घडीची खुर्ची

आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन अमेरिका आडवी पार करायला निघालेल्या नवख्याला जुने प्रवासी एक गोष्ट आधी बजावतात. दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढणार असाल तर घडीची खुर्ची बाहेर मांडू नका. कापडी छत उघडू नका, गाडीची सरकती भिंत बाहेर ढकलू नका, शेगडी पेटवू नका. आत झोपा आणि उजाडताच निघा.

सल्ला शहाणपणाचा आहे आणि तो पाळायलाच हवा. पण त्या खुर्चीने नेमके काय बिघडते? तीस फुटी गाडी चालते, रात्रभर चालते. तिच्या दाराशी दीड फुटाची खुर्ची आली की चालत नाही. कारण खुर्चीवर माणूस निवांत बसलेला दिसतो. मुक्काम खपतो, बिऱ्हाड खपत नाही. या दोहोंमधली रेघ अमेरिकेत आज एका खुर्चीने आखली जाते.

पार्किंगमध्ये झोपायची ही वेळ येतेच का? आंतरराज्य महामार्गाच्या कडेला सरकारी विश्रांतिथांबे आहेत. थकलेल्या चालकाने थांबावे म्हणूनच ते बांधले. तिथे कॅलिफोर्निया 8 तास थांबू देते, टेक्सास 24 तास. फ्लोरिडा 3 तास. तीन तासांत कोणाची झोप होते? ट्रकचालकाला तिथे जास्त वेळ मिळतो. नातवंडांना घेऊन निघालेल्या सत्तरीच्या आजोबांना मिळत नाही. पेंगणाऱ्या चालकांमुळे 2017 या एका वर्षात 91 हजार अपघात झाले, हा अमेरिकी सरकारच्याच वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. मग मध्यरात्री त्या चालकाला उठवून पुन्हा रस्त्यावर लोटायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

या थांब्यांवर पेट्रोलपंप, हॉटेल असा व्यापार करायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पैसे देऊन वीज-पाणी घेण्याचीही सोय तिथे उभी राहत नाही. इंधन, जेवण आणि रात्र, तिन्ही एक्झिटच्या पलीकडे. तिथल्या खासगी कॅम्पग्राउंडवर 50-60 डॉलर सहज जातात. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सुमारे 3 हजार मैल, दिवसाला 300 धरले तर दहा रात्री. आई-वडील भारतातून आले म्हणून भाड्याने आरव्ही घेऊन यलोस्टोनला निघणारी मराठी कुटुंबेही हा हिशेब करतात आणि वॉलमार्टच्या दुकानाबाहेर पार्किंगच्या दिव्यांखाली येऊन थांबतात.

वॉलमार्टचे यात श्रेयच आहे. आरव्हीवाल्यांचे स्वागत हे कंपनीचे जाहीर धोरण. मात्र होकार त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाने द्यायचा आणि गावाचा नियम आड यायला नको. नेमका तोच आता आड येतो. पूर्वी होकार देणाऱ्या कितीतरी दुकानांबाहेर ‘रात्री गाडी लावू नये’ असे फलक लागले आहेत.

फलक आरव्हीवाल्या पर्यटकासाठी लागलेला नसतो. तो भाडे परवडेनासे झाल्यामुळे गाडीतच राहू लागलेल्या माणसासाठी असतो. लॉस एंजेलिसने 1983 मध्ये गाडीचा ‘राहण्यासाठी’ वापर करायला बंदी घातली. 2014 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. राहणे म्हणजे काय, हेच कायद्यात स्पष्ट नव्हते. गाडीत कपडे, खाणेपिणे तर सहलीला आलेल्या आरव्हीतही असते. पण कारवाई मात्र बेघरांवरच होत होती.

दहा वर्षांनी वारे फिरले. ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास या गावच्या नियमात खुर्चीची जागा अंथरुणाने घेतली होती. सार्वजनिक जागी राहायच्या हेतूने अंथरूण टाकले की तो कॅम्प, आणि कॅम्पला दंड. 28 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की अशी बंदी म्हणजे राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षा नव्हे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्राची सुरुवातच झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नाही, या विधानाने केली. तीन मतांनी ते विधान मागे पडले. बाकीच्या गावांना वाट मोकळी झाली.

गरिबाला हुसकण्यासाठी लावलेला फलक गाडीची किंमत बघत नाही. निम्म्या देशाच्या पार्किंगमध्ये पडदे ओढून, दिवे मालवून, आपण इथे नाहीच असे भासवत झोपणे आता दोघांच्याही वाट्याला आले आहे. एकाला सुट्टी संपली की घर आहे. दुसऱ्याला नाही. पण रात्री दोनला काचेवर टकटक झाली की दोघांच्याही छातीत सारखेच धस्स होते. हा रस्ता दोघांच्याही पैशाने झालेला आहे. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनमागे 18.3 सेंट केंद्रीय महामार्ग निधीत जातात आणि गॅलनला आठ-दहा मैल धावणारी आरव्ही तो कर भरभरून भरते. भाडे नको, सोय नको. निदान सलग दहा तास पाठ टेकू देणारा थांबा प्रत्येक राज्याने दिला पाहिजे. गाडीतला माणूस सहलीला निघाला आहे की बेघर झाला आहे, हे न विचारता.

हे अवघड नाही. पश्चिमेकडच्या केंद्र सरकारी माळरानांवर 28 दिवसांत 14 दिवस फुकट राहता येते. पूर्वेकडे अशी जमीन फार थोडी, तिथे तो मार्ग नाही. पण मधल्या पट्ट्यात, कॅन्सस-नेब्रास्काच्या मक्याच्या प्रदेशात, हजार-दोन हजार वस्तीची कितीतरी गावे आपल्या बागेच्या एका कडेला आरव्ही लावू देतात. काही ठिकाणी विजेची जोडणी असते, पाण्याचा नळ असतो. खांबाला देणगीची पेटी ठोकलेली असते. पाकिटात जमेल ते घालायचे, पेटीत टाकायचे, आणि झाडाखाली खुर्ची मांडून बसायचे.